विजयानंतरचे काम : मार्कस अग्रिप्पाची कारकीर्द

इ.स.पू. ३३ साली रोममध्ये रिवाजाला सोडून एक गोष्ट घडली. मार्कस विप्सानियस अग्रिप्पा याने ईडाइलचे पद स्वीकारले. शहराचे रस्ते, गटारे, बाजार आणि सार्वजनिक खेळ यांची व्यवस्था ईडाइलकडे असे. महत्त्वाकांक्षी तरुणाने आधी हे पद घ्यायचे, लोकांच्या नजरेत भरायचे आणि मग एकेक पायरी चढत कॉन्सलपदाला, म्हणजे सर्वोच्च पदाला, पोहोचायचे, अशी तिथली रीत होती. अग्रिप्पा मात्र चार वर्षांपूर्वीच कॉन्सल होऊन गेला होता. गॉलमध्ये त्याने मोहीम फत्ते केली होती, सिसिलीच्या समुद्रात मोठी आरमारी लढाई मारली होती आणि जहाजांच्या चोचींनी मढवलेला सोन्याचा मुकुट मिळवला होता. अशा माणसाने उतरून खालचे पद घेतले आणि शहराच्या नळांना, हौदांना, गटारांना हात घातला. त्याच्या चरित्रांत ही घटना बहुधा दोन-चार वाक्यांत उरकली जाते. पानेच्या पाने मिळतात ती नौलोकस आणि ॲक्टियम या लढायांना. या वर्षाकडे केवळ लढायांमधला विसावा म्हणून पाहिले, तर अग्रिप्पा कळत नाही, असे माझे म्हणणे आहे. विजय फक्त संधी देतो. राज्य उभे राहते ते विजयानंतर रोज कराव्या लागणाऱ्या कामावर, आणि ते काम करणारा गेल्यावरही चालू राहील अशी घडी बसवावी लागते. ऑगस्टसच्या काळात हे सर्वांत आधी ओळखले ते अग्रिप्पाने. त्याच्या लढायांतही हाच गुण दिसतो, आणि त्याच्या मोठेपणाची मर्यादाही इथेच सापडते.

त्याचा जन्म इ.स.पू. ६३ च्या सुमाराचा. घराणे इतके अप्रसिद्ध की विप्सानियस हे कुलनाम त्याने पुढे वापरणेच सोडले. रोमच्या सत्तेत तेव्हा घराण्याला फार किंमत होती. ज्याच्या आजा-पणजाने कॉन्सलपद भूषवले नाही, त्याला वरच्या वर्तुळात जागा मिळणे दुरापास्त होते. अग्रिप्पाला ती मिळाली ती मैत्रीमुळे. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला, तेव्हा सीझरच्या बहिणीचा नातू ऑक्टेव्हियस एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील अपोलोनिया येथे शिकत होता आणि अग्रिप्पा त्याच्याबरोबर होता. दोघेही अठरा-एकोणीस वर्षांचे. सीझरने मृत्युपत्राने दत्तक घेतलेला हा मुलगा पुढे ऑक्टेव्हियन आणि शेवटी ऑगस्टस म्हणून ओळखला गेला. प्रकृती नाजूक, राजकारणात तल्लख, रणांगणावर मात्र सुमार. ही उणीव अग्रिप्पाने भरून काढली. इटलीतील पेरुशिया नगराच्या वेढ्यात तो होता, इ.स.पू. ४० मध्ये रोमचा प्रेटर झाला, मग गॉलचा कारभार त्याच्याकडे आला. सीझरनंतर सैन्य घेऊन ऱ्हाईन ओलांडणारा तो दुसरा रोमन सेनापती. तिथल्या विजयाबद्दल विजययात्रेचा मान त्याला देऊ केला गेला, पण त्याने तो घेतला नाही. त्याच सुमारास ऑक्टेव्हियन समुद्रावर मार खाऊन परतला होता, आणि मित्राच्या पराभवाशेजारी आपली मिरवणूक त्याला शोभणारी वाटली नाही.

त्या पराभवाचे कारण होते सेक्स्टस पॉम्पी. थोरल्या पॉम्पीच्या या मुलाने सिसिली ताब्यात घेतली होती आणि रोमकडे येणारी धान्याची गलबते तो अडवत होता. शहरात उपासमारीची वेळ आली, लोक रस्त्यावर उतरले. ऑक्टेव्हियनने घाईने जहाजे जमवली आणि ती शत्रूने व वादळाने मिळून बुडवली. इ.स.पू. ३७ मध्ये कॉन्सल झालेल्या अग्रिप्पाकडे हे काम आले, तेव्हा त्याने आधी शत्रूचा पाठलाग केला नाही. आधी बंदर बांधले. नेपल्सच्या उपसागराजवळ ल्युक्रिनस नावाचे उथळ सरोवर होते, समुद्रापासून एका अरुंद बांधाने वेगळे झालेले. त्याच्यामागे झाडीने वेढलेले अव्हर्नस सरोवर. अग्रिप्पाने बांध फोडून वाट काढली, दोन्ही सरोवरे कालव्याने जोडली आणि वाऱ्यापासून सुरक्षित, शत्रूच्या नजरेआड असे आरमारी बंदर तयार केले. वल्ही मारण्यासाठी वीस हजार गुलामांना मुक्त करून घेण्यात आले. बहुतेकांना समुद्राची सवय नव्हती. अव्हर्नसच्या शांत पाण्यावर त्यांची तालीम चालली. ज्या राज्याला दोन पराभवांनंतर तातडीने विजय हवा होता, त्या राज्यात एका तरुण सेनापतीने तयारीसाठी इतका वेळ मागून घेतला आणि तो त्याला मिळाला, हे मला त्या युद्धातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते.

त्या तयारीत एक हत्यारही होते. इतिहासकार ॲपियनने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. पाच हात लांबीचा एक लाकडी ओंडका, त्यावर लोखंडी पत्रा ठोकलेला, दोन्ही टोकांना कड्या. एका कडीत लोखंडी नखे, दुसरीत अनेक दोर. हा ओंडका यंत्राने शत्रूच्या जहाजावर फेकायचा, नखे लाकडात रुतली की मागून यंत्रानेच दोर ओढायचे. सेक्स्टसची जहाजे हलकी व चपळ, त्याचे खलाशी मुरलेले. अग्रिप्पाची जहाजे जड, उंच आणि संथ. चपळाईत तो हरणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून चपळाईला वावच राहू नये अशी व्यवस्था त्याने केली. नखे रुतली की जहाज जागचे हलत नसे, मग उरे ती हातघाई, आणि तीत रोमन पायदळ वरचढ. दोर तोडावेत तर ओंडक्याच्या लांबीमुळे तिथवर हात पोहोचत नसे. ओंडका तोडावा तर वर लोखंड. इ.स.पू. ३६ च्या सप्टेंबरात नौलोकस येथे दोन्हीकडून सुमारे तीनशे जहाजे समोरासमोर आली. अग्रिप्पाची तीन बुडाली. सेक्स्टसची सतरा काय ती निसटली. या विजयात शौर्याचा वाटा होताच. पण लढाईचा निकाल बऱ्याच अंशी सरोवराच्या काठी, सुतार-लोहारांच्या कामात आधीच लागला होता.

इ.स.पू. ३३ मधले काम याच स्वभावाचे. रोमच्या जुन्या जलवाहिन्या, अप्पिया, जुनी आनियो आणि मार्सिया, मोडकळीला आल्या होत्या. यादवी युद्धांच्या अर्धशतकात त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते. अग्रिप्पाने त्या दुरुस्त केल्या आणि शिवाय ज्युलिया नावाची नवी वाहिनी आणली. थोरला प्लिनी त्या एका वर्षाचा हिशेब देतो: ७०० हौद, ५०० कारंजी, पाणीवाटपाच्या १३० टाक्या, त्यांवर ३०० पुतळे आणि ४०० संगमरवरी खांब, आणि लोकांना विनामूल्य खुली केलेली १७० स्नानगृहे. गटारे उपसून झाल्यावर अग्रिप्पा स्वतः होडीतून मुख्य भूमिगत गटारातून टायबर नदीपर्यंत गेला, असे इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो. शर्यतीच्या मैदानात रथांच्या फेऱ्या मोजताना लोकांचा गोंधळ होई, म्हणून तिथे डॉल्फिनच्या आणि अंड्याच्या आकाराचे फेरीदर्शक बसवले तेही त्यानेच. तेल-मीठ वाटले, सणाच्या दिवसांत न्हाव्यांची फुकट सोय केली. बांधकामाचा बहुतेक खर्च त्याने स्वतःच्या पैशातून केला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इ.स.पू. ३३ मध्ये ऑक्टेव्हियन आणि सत्तेतला त्याचा भागीदार अँटनी यांच्यातला तणाव तुटेपर्यंत ताणला गेला होता. अँटनी पूर्वेकडे, इजिप्तची राणी क्लिओपात्राबरोबर. ऑक्टेव्हियनला इटलीची मने जिंकायची होती. मग हे हौद, ही कारंजी आणि हे तेल-मीठ म्हणजे युद्धापूर्वीची लोकानुनयाची मोहीमच नव्हे काय? ती होतीच. पण लोकानुनयासाठी रोमच्या पुढाऱ्यांकडे ठरलेली साधने होती: ग्लॅडिएटरांचे खेळ, जेवणावळी, पैशांची उधळण. त्यांचा परिणाम पुढच्या उत्सवापर्यंत टिकत असे आणि मागे काही उरत नसे. अग्रिप्पाने खेळही भरवले, पण पैसा ओतला तो पाण्यात. आणि अधिक बोलका पुरावा त्या वर्षानंतरचा आहे. पद वर्षभराचे होते. ते संपल्यावर त्याने हे काम सोडले नाही. इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेला फ्राँटिनस आपल्या ग्रंथात लिहितो की अग्रिप्पा स्वतः केलेल्या कामांची देखरेख पुढे कायमच करत राहिला. त्यासाठी त्याने २४० माणसांचे स्वतःचे पथक ठेवले होते. जलवाहिन्या, टाक्या आणि हौद यांची निगा राखणे एवढेच त्यांचे काम. मुकादम, टाक्यांचे राखणदार, वाहिनीच्या कडेने फिरणारे तपासनीस, फरसबंदी उकरून पुन्हा बसवणारे, गिलावा करणारे, अशा त्या कामाच्या विभागण्या फ्राँटिनसने नोंदल्या आहेत. किती पाणी सार्वजनिक इमारतींना, किती हौदांना आणि किती खाजगी घरांना, याच्या नोंदीही अग्रिप्पाने ठेवल्या. निवडणुकीपुरते काम करणारा माणूस उद्‌घाटन करतो आणि निघून जातो. गळती शोधण्यासाठी माणसे नेमून वीस वर्षे त्यांचा खर्च सोसणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी वेगळे असते.

इ.स.पू. ३१ चे ॲक्टियम हे साऱ्या जगाला माहीत असलेले युद्ध. अँटनी-क्लिओपात्राच्या प्रेमकथेमुळे २ सप्टेंबरचा तो एक दिवस डोळ्यांपुढे येतो: क्लिओपात्राची पळून जाणारी जहाजे, तिच्यामागे निघालेला अँटनी. वास्तविक त्या दिवसाआधी काही महिने अग्रिप्पाने युद्धाचा पाया घातला होता. अँटनीचे प्रचंड सैन्य ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर होते आणि त्याची रसद इजिप्तहून समुद्रमार्गे येत होती. अग्रिप्पाने अँटनीच्या मुख्य तळाकडे न जाता दूर दक्षिणेला मेथोनी हे ठाणे अचानक घेतले. मग ल्युकास बेट, मग पात्रास, मग कोरिंथ. रसदेच्या वाटेवरचे एकेक ठाणे गेले. अँटनीची छावणी दलदलीच्या काठी उपासमारीने आणि रोगराईने खंगू लागली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या घरात पणजोबांकडून एक आठवण चालत आली होती, ती त्याने लिहून ठेवली आहे. त्यांच्या गावातल्या साऱ्या नागरिकांना खांद्यावर गव्हाच्या गोण्या देऊन, चाबकाखाली समुद्राकडे पिटाळले जात होते. दुसरी खेप मोजून तयार होती तोच अँटनी हरल्याची बातमी आली आणि गाव वाचले. जहाजांनी येणारे धान्य थांबले की भार माणसांच्या पाठीवर येतो. ॲक्टियमचा निकाल त्या गोण्यांत लिहिलेला होता. पुढल्या वर्षी इजिप्त रोमच्या हाती आले आणि तांबड्या समुद्राचा मार्ग मोकळा झाला. दरवर्षी १२० जहाजे तिथल्या मायोस होर्मोस बंदरातून भारताकडे निघतात, असे भूगोलकार स्ट्रेबोने थोड्याच वर्षांत लिहिले. पैठणचे गोमेद आणि तेरचे कापड ज्या व्यापाराने भडोचमार्गे पश्चिमेकडे गेले, तो व्यापार इतका वाढण्यामागे या युद्धाचाही हातभार आहे.

युद्ध संपल्यावर अग्रिप्पा पुन्हा आपल्या कामाकडे वळला. इ.स.पू. २८ मध्ये त्याने ऑक्टेव्हियनबरोबर जनगणना पूर्ण केली. चार दशकांत ती झालीच नव्हती. तीत ४०,६३,००० रोमन नागरिक मोजले गेले. मग मंगळाच्या मैदानावर, शहराच्या तटाबाहेरच्या मोकळ्या व पुराच्या पाण्याने भरणाऱ्या भूमीवर, त्याने एक नवे नगरच वसवले: पँथिऑन, स्नानगृह, कृत्रिम तलाव, बागा. स्नानगृहाला पाणी हवे, म्हणून इ.स.पू. १९ मध्ये ९ जूनला व्हर्गो ही वाहिनी सुरू झाली. पाणी शोधणाऱ्या सैनिकांना एका मुलीने झरे दाखवले, अशी तिच्या नावामागची कथा. तिची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि त्यातली १९ जमिनीखालून. कमानींचा दिमाख तिच्या वाट्याला फारसा आला नाही. उंच कमानींवरच्या इतर वाहिन्या साम्राज्य कोसळल्यावर पडल्या, तोडल्या गेल्या. व्हर्गो मात्र, जमिनीखाली असल्यामुळे, अनेकदा तुंबूनही दुरुस्त करता येत राहिली. पंधराव्या शतकात पोप पाचवा निकोलस याने ती पुन्हा चालू केली, आणि अठराव्या शतकात उभ्या राहिलेल्या ट्रेव्हीच्या कारंज्याला तिचेच पाणी मिळाले. अग्रिप्पाने इतक्या पिढ्यांचा विचार केला होता असे कुणी म्हणणार नाही. उतार, खोली आणि झऱ्याची जागा यांचा विचार मात्र त्याच्या माणसांनी नीट केला होता, आणि नीट केलेले काम करणाऱ्याच्या अपेक्षेपलीकडे टिकते.

दुसरा आक्षेप त्याच्या स्थानाविषयीचा. अग्रिप्पा हा शेवटी ऑगस्टसची सावलीच होता. स्वतःचे असे त्याने काही मागितले नाही, म्हणून इतिहासात त्याची जागा निष्ठावंत दुय्यम माणसाची, असे अनेकदा म्हटले जाते. हे चित्र पुराव्याला धरून नाही. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टस मरणाच्या दारात पोहोचला, तेव्हा त्याने आपली मुद्रेची अंगठी अग्रिप्पाच्या हाती दिली, आपल्या तरुण भाच्याच्या, मार्सेलसच्या हाती नाही. पुढे अग्रिप्पाला पूर्वेकडचे अधिकार मिळाले, इ.स.पू. १८ मध्ये ट्रिब्यूनची सत्ता मिळाली, आणि ही सत्ता म्हणजे ऑगस्टसच्या राजवटीचा कणाच होती. विसाव्या शतकात प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसच्या तुकड्यात ऑगस्टसने त्याच्यासाठी केलेल्या अंत्यभाषणाचा ग्रीक अनुवाद आहे. त्यावरून दिसते की अग्रिप्पा ज्या प्रांतात असेल तिथे त्याच्यावर कुणाचाही अधिकार चालू नये, अशी कायद्याने तरतूद होती. डिओच्या सांगण्यानुसार ऑगस्टसचा सल्लागार मेसिनस याने ऑगस्टसला बजावले होते की तू याला इतका मोठा केला आहेस की आता एकतर जावई कर, नाहीतर ठार मार. अग्रिप्पा जावई झाला, इ.स.पू. २१ मध्ये ऑगस्टसची मुलगी ज्युलिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. ज्याच्या बाबतीत असा सल्ला दिला जातो, तो सावली नसतो. सैन्य त्याच्या शब्दाबाहेर नव्हते, पैसा होता, लोक मानत होते. सत्तेसाठी तलवार उपसायला सुल्लाला, पॉम्पीला किंवा सीझरला जे लागले, ते सारे त्याच्यापाशी होते. ती न उपसणे हा निर्णय होता, आणि पन्नास वर्षे रोम ज्या आगीत जळत होते तिच्यावर या निर्णयाने पाणी पडले.

विजययात्रा नाकारण्याच्या गोष्टीकडे याच दृष्टीने पाहायला हवे. गॉलनंतर एकदा, स्पेनमधल्या कँटाब्रियन युद्धानंतर इ.स.पू. १९ मध्ये दुसऱ्यांदा, आणि काळ्या समुद्राच्या काठचे बॉस्पोरसचे राज्य मार्गी लावल्यावर इ.स.पू. १४ मध्ये तिसऱ्यांदा त्याने हा मान नाकारला. चार घोड्यांच्या रथातून, चेहरा लाल रंगवून, कैद्यांना पुढे घालून मिरवणे हे रोमन सेनापतीच्या आयुष्याचे सार्थक मानले जाई, आणि त्या एका दिवसासाठी कितीतरी अनावश्यक युद्धे लढली गेली होती. अग्रिप्पाने नकार दिल्यावर इतरांनाही हा मान मागणे अवघड झाले, हे डिओने स्पष्ट नोंदवले आहे. पुढे हा मान ऑगस्टसच्या घराण्यापुरताच उरला, हेही खरे. त्यामुळे अग्रिप्पाच्या त्यागातून सम्राटाची मक्तेदारी जन्मली असे कुणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. पण सेनापतींच्या चढाओढीला लगाम बसला तोही त्याच नकाराने.

यातूनच तिसरा आणि सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. अग्रिप्पाने जे बांधले ते एका हुकूमशहासाठी बांधले. पाणी मिळाले आणि स्वातंत्र्य गेले. मंगळाच्या मैदानावर मतदानासाठी संगमरवरी इमारत त्याने इ.स.पू. २६ मध्ये पूर्ण केली, त्या वेळी मतदानातला अर्थ झपाट्याने ओसरत होता. नळ दुरुस्त करणारी २४० माणसे गुलाम होती. कँटाब्रियात त्याने लढण्याच्या वयाचे जवळजवळ सगळे पुरुष मारले, उरलेल्यांची शस्त्रे काढून घेतली आणि त्यांना डोंगरांवरून सपाटीवर आणून बसवले. यातले काहीही झाकण्याचे कारण नाही. कँटाब्रियातली ती कत्तल कुठल्याही जलवाहिनीने धुऊन निघत नाही. मात्र प्रजासत्ताक अग्रिप्पाने मारले, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्याच्या जन्माआधीच सुल्लाने रोमवर सैन्य चालवून आणले होते. तो लहान असताना निवडणुका लाच आणि गुंडांच्या टोळ्यांच्या हाती गेल्या होत्या. ज्या सेनेटला स्वातंत्र्याचा एवढा अभिमान होता, तिने जवळजवळ शंभर वर्षांत एकही मोठी जलवाहिनी शहरात आणली नव्हती. शेवटची तेपुला, इ.स.पू. १२५ ची. दहा लाखांच्या घरात पोहोचत असलेल्या शहरातला गरीब माणूस ते स्वातंत्र्य कशासाठी वाचवायला धावला असता? प्रजासत्ताक मेले त्याच्या कारणांत हेही एक होते की त्याचे रखवालदार रोजच्या कामाला कमी दर्जाचे समजत होते. अग्रिप्पाकडून शिकायचे ते हुकूमशाहीचे समर्थन नाही. लोकांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने जे काम टाकले, ते एका माणसाच्या राज्याने उचलले, आणि लोक त्याच्यामागे गेले. हा धडा आहे.

त्याच्या दृष्टीतली सार्वजनिकता कोरडी नव्हती. श्रीमंतांच्या वाड्यांत आणि बागांत कोंडलेली सारी चित्रे व पुतळे सार्वजनिक करावेत, असे भाषण त्याने केले होते. प्लिनीच्या काळापर्यंत ते उपलब्ध होते आणि प्लिनीने त्याची फार वाखाणणी केली आहे. तो सूचना करून थांबला नाही. स्वतः विकत घेतलेली चित्रे आणि शिल्पे त्याने आपल्या इमारतींत लोकांसमोर मांडली. ज्ञात जगाचा नकाशा भिंतीवर लावण्याचे कामही त्याने हाती घेतले होते. तो नकाशा जिथे लागणार होता ती ओवरी त्याच्या बहिणीने बांधायला घेतली आणि ऑगस्टसने त्याच्या टिपणांवरून काम पूर्ण केले. पूर्वेच्या दौऱ्यात तो जेरुसलेमला गेला, तिथल्या मंदिरात बळी अर्पण केले आणि आशिया मायनरमधल्या ज्यू लोकांच्या धार्मिक हक्कांना संरक्षण दिले. रस्ते, बंदरे, नकाशा, जनगणना, पाणी: वेगवेगळी वाटणारी ही कामे एका प्रश्नाभोवती फिरतात. हे अवाढव्य राज्य उद्या सकाळी चालणार कसे?

इ.स.पू. १२ च्या मार्चमध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, कँपानियात त्याचे निधन झाले. बागा आणि स्नानगृह त्याने रोमच्या लोकांना दिले. त्याच्या रक्ताच्या वारशाचे काय झाले हे पाहिले की मन विषण्ण होते. ऑगस्टसने वारस म्हणून दत्तक घेतलेले त्याचे दोन मुलगे, गायस आणि ल्युसियस, तरुणपणीच गेले. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला तिसरा, पोस्टुमस, मारला गेला. मुलगी अग्रिपिना हद्दपारीत उपाशी मेली. नातू कॅलिग्युला सम्राट झाला, पण इतक्या हलक्या कुळातल्या आजोबाचे नाव घ्यायची त्याला लाज वाटे. पणतू नीरो. घराण्याच्या मार्गाने अग्रिप्पा रोमला काहीही चांगले देऊ शकला नाही.

कामाच्या मार्गाने दिले ते मात्र राहिले. २४० माणसांचे पथक त्याने ऑगस्टसला दिले आणि ऑगस्टसने ते राज्याच्या सेवेत घेतले. मृत्यूनंतर वर्षभरात, इ.स.पू. ११ मध्ये, सेनेटने ठराव करून पाणीपुरवठ्याचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि त्याच्या प्रमुखपदी मेसाला या प्रतिष्ठित सरदाराला नेमले. शहरातल्या सार्वजनिक कारंज्यांची संख्या वाढवू नये आणि घटवूही नये, त्यांचे पाणी लोकांसाठी रात्रंदिवस वाहते राहील हे अधिकाऱ्यांनी पाहावे, जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना पंधरा फूट जागा मोकळी सोडावी, असे त्या ठरावांत बारकाईने लिहिलेले होते. एका माणसाने आपल्या खिशातून, आपल्या माणसांकरवी केलेले काम असे कायद्यात उतरले. शंभर वर्षांनी फ्राँटिनस त्या खात्यात रुजू झाला, तेव्हाही ते पथक कामावर होते.

इतिहासात सेनापतींची मोजदाद आपण जिंकलेल्या लढायांनी करतो आणि मुत्सद्द्यांची मिळवलेल्या पदांनी. अग्रिप्पाला ही दोन्ही मापे लावली तरी तो मोठाच ठरतो, पण त्याचे वेगळेपण त्यांत सापडत नाही. हुकूमशाहीच्या उभारणीत त्याचा हात होता आणि स्पेनच्या डोंगरांत त्याने केलेले क्रौर्य त्याच्या नावावर कायम राहील. तरीही सत्तेच्या शिखरावरून गटारात उतरायला न लाजणारा आणि आपल्या मागे ते काम कोण करील याची सोय लावून जाणारा राज्यकर्ता त्या काळात दुसरा नव्हता. कुठल्याही राज्याची पारख करायची असेल तर त्याच्या विजयस्तंभांकडे नंतर पाहावे. आधी हे विचारावे की दुरुस्तीचे काम तिथे कोणाकडे आहे, आणि त्या कामाला तिथे मान आहे का.